अधिकच्या चिन्हांचा तक्ता म्हणजे संशोधन नव्हे

पीएचडीचा विषय शोधताना परदेशी आक्रमक झाडांच्या फुलांवरचे ‘प्राथमिक फायटोकेमिकल स्क्रीनिंग’चे पेपर तुम्हाला ढिगाने सापडतील. साचा ठरलेला असतो: फुलं वाळवायची, सॉक्सलेटमध्ये मिथेनॉलने अर्क काढायचा, अल्कलॉइड, फिनॉल, सॅपोनिन यांच्यापुढे अधिकची चिन्हं मांडायची आणि शेवटी ‘औषधी उपयोगाची शक्यता’ लिहून मोकळं व्हायचं. विषय चांगलाच आहे. माझी तक्रार एवढीच, की या साच्यात प्रश्न कुठेच नसतो.

समजा, पवनारला धाम नदीकाठी तुम्ही सुबाभळीची फुलं गोळा केलीत. मूळ मध्य अमेरिकेतलं हे झाड मणिभाई देसाईंच्या बाएफने चाऱ्यासाठी आपल्याकडे रुजवलं. आज ते जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. त्यात मिमोसीन हे विषारी अमिनो आम्ल असतं. जास्त खाल्लं तर जनावरांचे केस गळतात.

आता अर्कात फेरिक क्लोराइड टाका. रंग आला की साच्यातला पेपर ‘फिनॉल: अधिक’ लिहितो. पण मिमोसीनही फेरिक क्लोराइडशी रंग देतं! म्हणजे जे शोधायला हवं होतं, तेच दुसऱ्या नावाखाली तक्त्यात गडप झालेलं असू शकतं.

बाकीच्या चाचण्यांचंही तसंच. मेयरच्या अभिकर्मकाने प्रथिनांचाही अवक्षेप येतो, आणि फुलांत परागकण असतातच. फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक क जीवनसत्त्वाशी आणि काही शर्करांशीही प्रतिक्रिया देतो, आणि फुलात मकरंद असतो. डीपीपीएच ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. फूल लाल असेल तर अँथोसायनिनही साधारण तिथेच प्रकाश शोषतं. म्हणून डीपीपीएच न घातलेला, नुसत्या अर्काचा ब्लँक घेतलाय का, ते आधी बघा.

जीसी-एमएसचा तक्ता तर डोळे झाकून स्वीकारू नका. त्यात १४९ वस्तुमानाचं ठळक शिखर आणि ‘थॅलेट’ दिसलं, तर ते बहुधा प्लॅस्टिकच्या नळीतून किंवा बाटलीतून आलंय. सिलोक्सेन दिसलं तर ते स्तंभातून गळलेलं असतं. दोन्ही ‘फुलातले औषधी घटक’ म्हणून छापले जातात. शिवाय फ्लॅव्होनॉइड ग्लायकोसाइड सहज बाष्प होत नाहीत, त्यामुळे या यंत्रात ती दिसली नाहीत याचा अर्थ ती फुलात नाहीत असा होत नाही.

याउलट ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स बघा. त्यांचा प्रश्न साधा होता: हवाईतल्या शेळ्यांना सुबाभूळ बाधत नाही, मग आमच्याकडच्या जनावरांना का बाधते? उत्तर पोटातल्या जिवाणूत निघालं. १९९२ मध्ये त्याला ‘सिनर्जिस्टिस जोन्सिआय’ हे नाव मिळालं, आणि तो जिवाणू जनावरांना देऊन चाऱ्याचा प्रश्न सुटू लागला.

म्हणून गाइडकडे जाण्याआधी एका वाक्यात प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ‘सुबाभळीच्या कळीत आणि उमललेल्या फुलात मिमोसीन किती, आणि वाळवल्यावर किती उरतं?’ याला शुद्ध प्रमाण नमुना, एचपीएलसी, किमान तीन वेगळ्या झाडांचे नमुने आणि हर्बेरियम नोंद लागेल. काम वाढेल हे खरं. पण शेळ्या पाळणाऱ्या माणसाने ‘ही फुलं चारू का?’ विचारलं, तर तुमच्याकडे द्यायला आकडा असेल. अधिकच्या चिन्हाने त्याचं काही भागणार नाही.