रामगढची हिंसा आणि रसिकाची कसोटी

आवडत्या दिग्दर्शकाच्या नव्या कृतीकडे रसिक कोऱ्या मनाने जात नाही. जुना स्नेह त्याच्यासोबत असतोच. ‘अंदाज’ (१९७१) आणि ‘सीता और गीता’ (१९७२) यांमुळे रमेश सिप्पी ज्यांना जवळचे वाटले होते, त्यांच्यापुढे १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ आला. आधीच्या दोन चित्रपटांत प्रेम, वैधव्य, घरातला छळ आणि विनोद होता. येथे कुटुंबाचे हत्याकांड आणि छाटलेले हात होते. अशा वेळी रसिकाच्या स्नेहाने त्याच्या विवेकाला बाजूला सारावे काय, हा समीक्षेचाही प्रश्न आहे.

‘वेस्टर्न’ या अमेरिकन चित्रप्रकाराचे ‘शोले’वरील ऋण उघड आहे. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येमागे सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटातील प्रसंगाची छाया दिसते. बंगळुरूपासून सुमारे ५० किलोमीटरवर, रामनगरच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी रामगढ उभे केले. तथापि अनुकरण येथेच संपते. वेस्टर्नमधील वस्ती बहुधा कायदा पोहोचण्यापूर्वीची असते. रामगढमध्ये कायदा पोहोचलेला आहे आणि तो अपुरा ठरला आहे. ठाकूर स्वतः पोलीस अधिकारी होता. त्याने पकडलेला गब्बर तुरुंगातून निसटतो. त्यामुळे येथील सूड हा कायद्यावरील अविश्वासाचा उच्चार ठरतो.

रंगमंचावर प्रत्यक्ष वध दाखवू नये, हा संस्कृत नाट्यपरंपरेतील संकेत; भासाचे ‘ऊरुभंग’ हा त्याला ठळक अपवाद. प्रेक्षकांना अनेक दशके परिचित असलेल्या ‘शोले’च्या प्रतीत हा संकेत नकळत पाळला गेला आहे. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि अहमदचा मृत्यू आपल्याला कळतो. ठाकूरच्या नातवावर बंदूक रोखली जाते, बार ऐकू येतो आणि दृश्य पालटते. तलवार उगारली जाते; नंतर दिसतात त्या शालीआडच्या रिकाम्या बाह्या. बीभत्स टाळून भयानक रस साधण्याची ही रीत आहे.

प्रेक्षकांनी मात्र कवटाळला तो गब्बर. त्याचे संवाद ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोहोचले आणि मुलेही ते म्हणू लागली. क्रौर्याला लय आणि विनोद लाभला की त्याची भीती ओसरते व मौज उरते, हा या रसिकतेतील धोका होय. वस्तुतः चित्रपटातच त्यावर उतारा आहे. पुत्राच्या मृतदेहापाशी उभा असलेला अंध इमाम आणि सायंकाळी एकेक दिवा मालवणारी विधवा राधा, या दोघांत हिंसेची खरी किंमत दिसते. ज्याला केवळ गब्बर आठवतो, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला.

शेवटाचा वादही याच कसोटीवर तपासावा लागतो. मूळ शेवटात ठाकूर खिळे बसवलेल्या पादत्राणांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलला गेला. पोलीस आले आणि गब्बर कायद्याच्या हाती गेला. २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात पुनरुज्जीवित प्रत दाखवली गेली, तेव्हा तो शेवट पडद्यावर परतला.

अधिक हिंसा म्हणून तो अधिक अस्सल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याचे मोल आहे ते वधानंतर कोसळून रडणाऱ्या ठाकूरमध्ये. सूड पुरा झाला तरी गेलेले कोणी परतत नाही. ज्या एका हेतूवर तो जगत होता, तोही आता संपला. पोलिसांच्या आगमनाने हे रितेपण झाकले जाते आणि ठाकूरचा प्रश्न सोयीस्करपणे सुटतो. म्हणूनच मूळ शेवट नैतिकदृष्ट्या अधिक प्रामाणिक वाटतो. वधापाशी टाळी वाजवणे रसिकाला सोपे आहे. त्यानंतरच्या त्या अश्रूंपाशी थांबता येणे, ही त्याच्या प्रेमाची परीक्षा आहे.