कारणाची हद्दपारी : रसेल यांच्या एका निबंधाचा परामर्श

बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ साली लंडनच्या ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे अध्यक्षीय भाषण म्हणून ‘ऑन द नोशन ऑफ कॉज’ हा निबंध वाचला, आणि पुढे १९१८ च्या ‘मिस्टिसिझम अँड लॉजिक’ या संग्रहात तो समाविष्ट झाला. निबंध आटोपशीर आहे, भाषा लखलखीत आहे आणि निष्कर्ष धाडसी आहे. ‘कारण’ हा शब्द तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून काढून टाकावा, कारण प्रगत शास्त्रांना त्याची गरजच उरलेली नाही, हा तो निष्कर्ष होय. त्यांनी या संदर्भात राजसत्तेशी केलेली खोचक तुलना सर्वश्रुत आहे. परिणाम असा झाला आहे, की पदार्थविज्ञानाची चर्चा चालू असता कारणाचे नाव काढणे हे अडाणीपणाचे लक्षण होय, अशी समजूत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत बरीच मुरली आहे. ही समजूत कितपत साधार आहे, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

रसेल यांचे आक्षेप प्रथम न्याय्यपणे मांडले पाहिजेत. ‘जेथे कारण तेथे कार्य’ हा नियम घ्यावा, तर कारण आणि कार्य यांच्यामध्ये काही काळ गेलाच पाहिजे. आणि काळ गेला म्हणजे मध्येच काहीतरी घडून कार्य रोखले जाण्याची शक्यता आलीच. तिकिटाच्या यंत्रात नाणे टाकावे आणि तिकीट हाती पडण्यापूर्वीच भूकंप होऊन यंत्र उलथून पडावे, हे त्यांचे उदाहरण मार्मिक आहे. बरे, भूकंपाचा अभावही कारणात धरावा म्हटले, तर अशा अभावांची यादी विश्वाएवढी लांबते, आणि इतकी तपशीलवार परिस्थिती पुन्हा कधीच उद्भवत नाही. मग ‘पुन्हा तेच कारण, पुन्हा तेच कार्य’ या नियमास लागू पडण्याची संधीच मिळत नाही. शिवाय पदार्थविज्ञानाचे नियम अवकल समीकरणांच्या रूपात असतात. परस्परांना आकर्षिणाऱ्या गोलांच्या गतीत कोणत्या गोलास कारण म्हणावे आणि कोणत्यास कार्य? तेथे केवळ सूत्र आहे. आणि त्या सूत्रावरून भूतकाळ जसा भविष्य ठरवितो, तसाच भविष्यकाळ भूतही ठरवितो. गुरुत्वाकर्षणाधिष्ठित ज्योतिःशास्त्रासारख्या प्रगत शास्त्रात ‘कारण’ हा शब्द आढळत नाही तो यामुळेच, असे त्यांचे म्हणणे.

यांपैकी बहुतेक सर्व मान्य करता येते. सूत्रात कारण नसते, हे खरेच आहे. परंतु सूत्र म्हणजेच शास्त्र नव्हे. रसेल यांनी शास्त्राचा विचार केला तो तयार झालेल्या, बांधीव ग्रंथाच्या रूपात. तो ग्रंथ ज्या व्यवहारातून सिद्ध होतो त्या संशोधनाकडे त्यांनी पाहिलेच नाही. आणि दैवयोग असा, की त्यांनी साक्षीस बोलाविलेले ज्योतिःशास्त्रच त्यांच्याविरुद्ध साक्ष देते.

१७८१ साली विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला. त्यापूर्वीही तो तारा समजून अनेकदा नोंदला गेला होता. १८२१ साली आलेक्सी बुव्हार यांनी त्याची कोष्टके रचली, तेव्हा जुनी निरीक्षणे आणि नवी निरीक्षणे एकाच कक्षेत बसेनात. त्यांनी जुनी निरीक्षणे अविश्वसनीय म्हणून बाजूस सारली. पण थोड्याच वर्षांत ग्रह नव्या कोष्टकांनाही जुमानीसा झाला. आता येथे सूत्राकडे विचारणा करून पाहावी. सूत्र एवढेच सांगते, की ज्ञात गोल, त्यांची वस्तुमाने, व्यस्त वर्गाचा नियम आणि निरीक्षणे यांचा मेळ बसत नाही. हा मेळ बसविण्याचे मार्ग अगणित आहेत. निरीक्षणांना दोष द्यावा, अवकाशात गतिरोध करणारे द्रव्य कल्पावे, एखादा अज्ञात उपग्रह मानावा, किंवा फार दूरच्या अंतरावर व्यस्त वर्गाचा नियमच किंचित बदलावा. आणि हा शेवटचा विचार ग्रिनिचचे राजज्योतिषी एअरी यांच्या मनात खरोखरच घोळत होता. सूत्राच्या दृष्टीने ही सर्व दुरुस्त्यांची एकच जात.

ल व्हेऱ्ये यांनी यांतून निवड केली ती सूत्राच्या आधारे नव्हे. युरेनसला खेचणारे ते काय आहे आणि या घटकेस ते कोठे आहे, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न नखशिखांत कारणाचा आहे. ३१ ऑगस्ट १८४६ रोजी त्यांनी आपले उत्तर पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवले. २३ सप्टेंबरच्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. केंब्रिजच्या ॲडम्स यांनी स्वतंत्रपणे तेच गणित केले होते. मानाचा वाद पुढे दोन्ही देशांनी कसा रंगविला, तो भाग येथे अप्रस्तुत आहे.

प्रस्तुत आहे ती एक फारशी न सांगितली जाणारी गोष्ट. ल व्हेऱ्ये यांनी नव्या ग्रहाचे सूर्यापासूनचे मध्यम अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३६ पट धरले होते. खरे अंतर सुमारे ३० पट निघाले. वस्तुमानही त्यांनी जवळजवळ दुप्पट मानले होते. म्हणजे त्यांनी मांडलेला फलनसंबंध दीर्घ काळाच्या दृष्टीने चुकलेलाच होता. हार्वर्डचे पीअर्स यांनी हा शोध म्हणजे सुदैवी योगायोग होय, असे याच आधारावर म्हटले; आणि शास्त्राचा ऐवज म्हणजे केवळ सूत्र, असे मानणाऱ्यास पीअर्स यांच्याशी सहमत होण्यावाचून गत्यंतर नाही. पण ज्योतिर्विदांनी तसे मानले नाही, व ते योग्यच केले. कक्षा चुकली, वस्तुमान चुकले, तरी युरेनसच्या विचलनास जबाबदार असलेली वस्तू त्या दशकांत ज्या दिशेला होती ती दिशा बरोबर सापडली. सूत्र सदोष असताही कारण अचूक सापडू शकते, ही घटना रसेल यांच्या मांडणीत बसविण्यास जागाच नाही.

याच ल व्हेऱ्ये यांना याच पद्धतीने पुढे दगा दिला, हेही सांगितले पाहिजे; एरवी ही केवळ विजयगाथा होईल. १८५९ साली त्यांनी दाखविले, की बुधाच्या कक्षेचा उपसूर्यबिंदू दर शतकात सुमारे ३८ विकला अधिक सरकतो. न्यूकम यांनी १८८२ मध्ये तो आकडा सुमारे ४३ वर नेला. पुन्हा अदृश्य ग्रह कल्पिला गेला, त्यास व्हल्कन असे नावही मिळाले, आणि १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकेत वॉटसन व स्विफ्ट या दोन अनुभवी निरीक्षकांनी तो पाहिल्याचे जाहीर केले. तो तेथे नव्हता. १८९४ साली असाफ हॉल यांनी वेगळीच युक्ती सुचविली. व्यस्त वर्गाच्या नियमातील २ हा घातांक अत्यल्प वाढवावा, की बुधाचा हिशेब जुळतो! सूत्रवादी दृष्टीने याहून स्वच्छ उपाय नाही. पण चंद्राच्या गतीच्या सूक्ष्म गणितापुढे तो टिकला नाही. अखेर नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धांतातून त्या ४३ विकला निघाल्या, आणि त्यासाठी एकही आकडा जुळवून घ्यावा लागला नाही.

येथे रसेल यांचा पक्षपाती म्हणेल, की बुधाच्या प्रकरणी तर कारणवादाचा पराभव झाला. वस्तू सापडली नाही, नियम बदलला. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण नियम बदलण्याचा अधिकार शास्त्रज्ञांना प्राप्त कसा झाला? व्हल्कन हे कारण म्हणून मांडले गेले होते, म्हणूनच त्याच्यावर बंधने पडली: तो सूर्यबिंबावरून जाताना दिसला पाहिजे, ग्रहणात झळकला पाहिजे. केवळ सूत्रातील एक पद म्हणून तो मांडला असता, तर ते पद बिनबोभाट सूत्रात राहू शकले असते. कारणाचा शोध फसू शकतो, आणि त्याचे फसणे काही शिकवून जाते. हीच त्याची थोरवी.

आमच्या काळातील एक उदाहरण याहूनही बोलके आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ या प्रयोगगटाने जाहीर केले, की जिनिव्हाजवळच्या सर्न येथून इटलीतील ग्रान सासो पर्वताखालच्या प्रयोगशाळेपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी तोडतात. वृत्तपत्रांनी आइन्स्टाइन यांना लगेच निवृत्त केले. प्रयोगकर्ते मात्र संयमी होते. त्यांनी कोणताही सैद्धांतिक अर्थ न लावता दोष शोधण्याचे काम चालू ठेवले. काही महिन्यांतच दिसून आले, की उपग्रहाकडून येणारा वेळेचा संकेत भूमिगत घड्याळापर्यंत नेणारी प्रकाशतंतूची एक तार आपल्या खोबणीत पुरती बसलेली नव्हती. संकेत उशिरा पोहोचे, घड्याळ मागे पडे, आणि आलेले न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे भासत. शेजारच्याच दुसऱ्या शोधकयंत्रातून व ऑपेरातून अशा दोहोंतून आरपार गेलेल्या वैश्विक किरणकणांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा हा सुमारे ७३ नॅनोसेकंदांचा फरक २००८ च्या मध्यापासून २०११ च्या अखेरीपर्यंतच होता, त्यापूर्वी व त्यानंतर नव्हता, हेही सिद्ध झाले. घड्याळाच्याच एका दुसऱ्या, उलट दिशेच्या दोषाचाही हिशेब लागला.

तार सैल असताना फरक असतो, घट्ट केली असता नसतो: अन्वय आणि व्यतिरेक यांचा याहून शुद्ध नमुना पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. आता रसेल यांच्या मताने येथे काय म्हणावे? ‘तारेची स्थिती आणि नोंदलेली वेळ यांत फलनसंबंध आहे’, एवढेच. पण तो संबंध दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येतो. नोंद बदलून तार घट्ट होत नाही, तार घट्ट केल्याने नोंद बदलते, हे त्यात कोठेच लिहिलेले नाही. नॅन्सी कार्टराइट यांनी १९७९ मधील आपल्या निबंधात नेमके हेच दाखविले. विशिष्ट संस्थेकडे विमा उतरविणारे अधिक जगतात, असा नियत संबंध आढळला, तरी विमा उतरविणे हा दीर्घायुष्याचा उपाय ठरत नाही. परिणामकारक उपाय आणि निष्फळ उपाय यांतील भेद केवळ साहचर्याच्या नियमांतून काढता येत नाही. आणि प्रयोगशाळेत तर पदोपदी हाच भेद करावा लागतो.

या ठिकाणी न्यायशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. आठल्ये व बोडस यांच्या आवृत्तीमुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना परिचित झालेल्या ‘तर्कसंग्रहा’च्या परंपरेत कारणाचे लक्षण दुपदरी आहे. कार्याच्या आधी नियमाने असणे, हा एक पदर; आणि ‘अन्यथासिद्ध’ नसणे, हा दुसरा. घटाच्या आधी कुंभाराची काठी नियमाने असते, तसा त्या काठीचा रंगही असतो, आणि कुंभाराचा बापही असतो. परंतु रंग आणि बाप यांना घटाची कारणे म्हणत नाहीत. माती वाहणारे गाढव तर या चर्चेत अमरच झाले आहे. रसेल यांनी ज्या कारणकल्पनेची चिरफाड केली, ती पहिल्या पदराची, नियतपूर्ववृत्तित्वाची, होती. दुसऱ्या पदरास त्यांचा हात लागलेलाच नाही. संशोधकाचे तर निम्मे आयुष्य गाढवे वगळण्यात जाते. न्यूट्रिनोंचा वेग आपल्या पूर्वजांना ठाऊक होता असे येथे सुचवावयाचे नाही. असल्या अभिमानाने दोन्ही शास्त्रांची हानीच होते. शिवाय अन्यथासिद्ध कोणते हे ठरविण्याची प्रयोगपद्धती नैयायिकांनी दिलेली नाही. त्यांनी प्रश्न मात्र पुरता विचारला, रसेल यांनी अर्धाच विचारला.

मॅक्स प्लांक यांनी १९३२ साली वेगळी वाट काढली होती: कार्यकारणतत्त्व खरेही नाही आणि खोटेही नाही, ते संशोधकास वाट दाखविणारी पाटी आहे. हे मत रसेल यांच्या मतापेक्षा वस्तुस्थितीच्या पुष्कळच जवळ जाते. तथापि वाट दाखविणारी पाटी जर कधीच चुकीची ठरू शकत नसेल, तर ती पाळणे ही केवळ श्रद्धा होते. या शंकेचे उत्तर प्लांक यांच्यानंतर मिळाले, आणि तेही ज्या पुंजयामिकीने कारणास कायमची मूठमाती दिली असे म्हणतात तिच्याच क्षेत्रात. दोन दूरच्या घटनांत साहचर्य आढळले व त्या एकमेकींवर परिणाम करू शकत नसल्या, तर दोहोंचे सामाईक कारण शोधावे, हे तत्त्व रायशेनबाख यांच्या १९५६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्पष्ट मांडले गेले. १९६४ साली जॉन बेल यांनी याच धाटणीच्या मागणीस गणिताचे रूप दिले: दूरस्थ कणांतील साहचर्य त्यांच्या उगमस्थानच्या स्थानिक कारणांनी ठरत असेल, तर त्याची मात्रा एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांच्या, १९८२ मध्ये आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या, आणि २०१५ मध्ये पळवाटा बुजवून केलेल्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडलेली आढळली. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळाले ते याच कार्यासाठी. या निकालाचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद आहेत व ते मिटण्याचे चिन्ह नाही. परंतु नुसत्या फलनसंबंधांवर संतुष्ट असलेल्या पदार्थविज्ञानास हा प्रश्न सुचलाच नसता. पुंजयामिकीचे सूत्र ते साहचर्य पहिल्यापासून बिनचूक सांगत होते; त्यात खटकण्याजोगे काय आहे, हे कारणाचा आग्रह धरणाऱ्यासच दिसू शकले.

रसेल यांना स्वतःला आपले १९१२ चे मत पुढे अपुरे वाटले असावे, असे मानण्यास आधार आहे. १९४८ च्या ‘ह्यूमन नॉलेज’ या ग्रंथात त्यांनी परस्परांपासून वेगळ्या करता येणाऱ्या कारणरेषांचे गृहीतक शास्त्रीय अनुमानाच्या आधारांत धरले आहे. पण तेथेही त्यांची चिंता प्रत्यक्षापासून बाह्य वस्तूपर्यंत कसे पोहोचावे ही आहे. अनेक संभाव्य दोषांतून खरा दोष कसा निवडावा, ही नव्हे. त्या ग्रंथाचा शेवटचा भाग मंद गतीने, पुष्कळ अटी घालीत पुढे सरकतो, आणि त्यात राजसत्तेसारखी चमकदार तुलना एकही नाही. त्यामुळेच की काय, उद्धृत केला जातो तो १९१२ चा निबंध.