‘मी’चे क्रियापद

लिंगभावाच्या द्वैतात न बसणाऱ्या व्यक्तींची मराठीतील चर्चा बहुधा नामांपाशी थांबते. ‘हिजडा’, ‘जोगता’ ही जुनी नामे. ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’ ही अलीकडची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली. परंतु ‘तृतीय’ म्हणताना पहिली दोन गृहीतच धरली जातात. ही मोजदादच जिला अमान्य आहे, त्या व्यक्तीचा प्रश्न नामाने सुटत नाही; तो क्रियापदात सुरू होतो.

मराठीत ‘मी गेलो’ वा ‘मी गेले’ यांपैकी एक उच्चारावेच लागते. साधे आत्मनिवेदनही लिंगाची कबुली ठरते. नपुसकलिंग हा तयार पर्याय वाटतो. पण एकवचनी ‘ते’ लेकराला लावले की माया होते, प्रौढ माणसाला लावले की अवहेलना.

तथापि ही चौकट समजली जाते तितकी अभेद्य नाही. कोल्हापूरकडच्या स्त्रिया ‘मी जातो’ म्हणतात. घाटावरून गिरणगावात आलेल्या कुटुंबांबरोबर हे रूप लालबाग-परळच्या चाळींतही पोचले. तेथे ‘जातो’ ही पुरुषत्वाची खूण उरत नाही. शिवाय ‘मी जाईन’, ‘मी पाहिले’, ‘मला वाटते’ या रचनांत वक्त्याचे लिंग अव्यक्तच राहते.

विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाचे शीर्षक या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. नायिका सुमित्रा हिला ‘मित्रा’ म्हणतात. ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप आणि हे स्त्रीनाम षष्ठीत एकरूप होतात. भेद विभक्तीत विरतो. मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री आहे. तिची लिंगओळख द्वैताबाहेरची आहे, असा दावा येथे नाही. मात्र भाषा लिंगनिर्णय स्थगित ठेवू शकते, याची साक्ष हे शीर्षक देते. शीर्षकाला लाभलेली ही सवलत बोलणाऱ्या पात्राला क्वचितच लाभते.

समीक्षेची जबाबदारी येथे उद्भवते. एखाद्या आत्मकथनात ‘गेलो’ आणि ‘गेले’ एकाच पानावर आले, तर गिरगाव-दादरच्या प्रकाशनव्यवहारातील मुद्रितशोधक ती रूपे एकसारखी करील आणि समीक्षक निवेदनातील विसंगतीवर बोट ठेवील. वस्तुतः ती विसंगती हे त्या संहितेतील सर्वांत अचूक विधान असू शकते. व्याकरण दुरुस्त करण्यापूर्वी, ‘मी’चे लिंग ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढे तरी आपण स्वतःला विचारले पाहिजे.