न हललेला आकडा

सीझर चालू असताना सगळ्यांचे डोळे सर्जनच्या हातांकडे असतात, आणि ते साहजिकच आहे. पण जाणकारानं पाहावी अशी खरी कामगिरी त्याआधीच्या आठ-दहा मिनिटांत, टेबलाच्या उशाशी होते. पाठीत भूल दिल्यावर आईचं बीपी पडू न देणं, ही ती कामगिरी. ती साधली की बाहेरून काहीच दिसत नाही. मॉनिटरवर ११८ असतं, मग ११६, मग ११९. या न हललेल्या आकड्याचं मला फार कौतुक आहे.

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये ही कला रोज चालते. इथे सरकारी प्रसूतिगृह आहे आणि गल्लोगल्ली नर्सिंग होम. मध्यवर्ती रुग्णालय शेजारच्या कॅम्प ३ मध्ये. बहुतेक नर्सिंग होमना स्वतःचा भूलतज्ज्ञ नसतो, त्याला फोन करून बोलावतात. सकाळी लालचक्कीला एक सीझर, दुपारी अंबरनाथ, रात्री बदलापूर, असा त्याचा दिवस. नातेवाईक पेढे देतात ते डॉक्टरबाईंना आणि सिस्टरना. भूल देणारा तोवर पुढच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, पोचलेला असतो.

१८९८ साली जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर यांनी मणक्यातून भूल देऊन शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून मूळ कृती फारशी बदललेली नाही. ‘ताई, हनुवटी छातीला लावा, पाठ बाहेर काढा, आता हलायचं नाही.’ केसासारखी बारीक सुई आत जाते. तिच्या मागच्या टोकाशी पाण्यासारखा नितळ थेंब जमतो. तो दिसला की जेमतेम दोन मिली हेवी ब्युपिव्हॅकेन हे भुलीचं औषध सावकाश सोडायचं आणि आईला लगेच उताणं करायचं. थोड्याच वेळात ती म्हणते, ‘डॉक्टर, पाय गरम झाले.’ तिला ते सुखाचं वाटतं. उशाशी उभ्या माणसाला मात्र त्यात इशारा ऐकू येतो. रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसा सुन्न झाल्या, वाहिन्या सैलावल्या, रक्त पायांत उतरू लागलं, म्हणून ती ऊब.

इमारतीत खालच्या मजल्यांवरचे सगळे नळ एकदम सोडले तर वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. टाकीतलं पाणी तेवढंच असतं, दाब गेलेला असतो. इथेही तसंच होतं. त्यात भरल्या दिवसांचं गर्भाशय उताण्या आईच्या मोठ्या शिरेवर रेलतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडवतं. काहीच काळजी घेतली नाही, तर निम्म्याहून जास्त बायकांचं बीपी पडतं. भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ७०० मिली रक्त जातं. मेंदू किंवा मूत्रपिंड दाब कमी झाला तरी आपला पुरवठा काही काळ सावरून धरतात. गर्भाशयाला आणि वारेला ती सोय जवळजवळ नाही. आईचा दाब उतरला की बाळाचा वाटा लगेच कमी होतो.

म्हणून पहिली करामत अगदी साधी आहे. घडी केलेली चादर आईच्या उजव्या कमरेखाली सरकवायची आणि पोट डावीकडे कलतं करायचं. बीपीचा पट्टा दर मिनिटाला फुगेल असा लावायचा. पण यंत्राच्याही आधी आईच बोलते, ‘मळमळतंय’ किंवा ‘जीव घाबरा होतोय.’ दाब उतरल्याची ही बहुतेक वेळा पहिली खबर असते. कच्चा माणूस तिथे उलटीचं इंजेक्शन शोधतो. मुरलेला माणूस पट्टा पुरता फुगायच्या आत दाबाच्या औषधाच्या सिरिंजकडे वळतो.

हे औषध कोणतं, यात या कलेचा खरा इतिहास आहे. पूर्वी आधीच लिटरभर सलाईन चढवण्यावर भर असायचा. पण ते पाणी रक्तवाहिन्यांत फार वेळ टिकत नाही. आता भूल देतानाच ते वेगानं सोडतात, आणि तेही दाबाच्या औषधाच्या जोडीला. औषधांत अनेक वर्षं एफेड्रिन पहिल्या पसंतीचं होतं. आईचा दाब त्यानं सुधारायचा, पण ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि बाळाच्या रक्तातली आम्लता वाढवतं. मग फेनिलेफ्रिन पुढे आलं. हाँगकाँगच्या न्गान की आणि सहकाऱ्यांनी २००५ साली फेनिलेफ्रिन आणि वेगानं दिलेलं सलाईन अशी जोडी वापरली, तेव्हा प्रसूतीपर्यंत ५३ पैकी एकाच आईचं बीपी पडलं. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात देखणं काम ते हेच. पडलेलं उचलण्यापेक्षा पडूच द्यायचं नाही, हा विचार तिथे पक्का झाला. भूलतज्ज्ञांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंही तोच धरला. वरचा आकडा आईच्या मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, आणि त्यासाठी औषध भूल दिल्यापासूनच सुरू करावं.

कॅम्पातल्या लहान ओटीत थेंब मोजणारा पंप नेहमी असेलच असं नाही. तिथे हातच पंप होतो. फेनिलेफ्रिनच्या एका अँप्यूलमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं आणि एका वेळी द्यायचं असतं ५० ते १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त शंभरावा भाग. म्हणून अँप्यूल १०० मिली सलाईनमध्ये मिसळायची, त्यातून सिरिंज भरायची, तिच्यावर चिकटपट्टी लावून पेनानं नाव आणि मात्रा लिहायची. ती चिकटपट्टी पाहिली की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. फेनिलेफ्रिननं नाडी मंदावते, त्याचंही तारतम्य लागतं. नाडी मंद पण दाब चांगला, तर नुसतं थांबायचं. नाडी मंद आणि दाबही खाली, तर आपल्याकडे सर्रास मिळणारं मेफेन्टरमिन किंवा एफेड्रिन कामाला येतं, वेळ पडली तर अॅट्रोपिन. बाळ आल्यावर गर्भाशय आवळण्यासाठी ऑक्सिटोसिन देतात. ते घाईनं दिलं तर दाब पुन्हा कोसळतो, म्हणून तेही सावकाश.

सीझर ठरलं असेल तर एवढं करा. भूल कोण देणार ते आधी विचारा, त्यांना भेटा, आणि नेहमीचं बीपी किती असतं, उताणं झोपल्यावर चक्कर येते का, ते सांगा. टेबलावर जराही मळमळलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर संकोच न करता लगेच बोला. उशाशी उभा असलेला माणूस त्याच शब्दांची वाट पाहत असतो.