गोष्ट कळली, पान राहिलं

उमरग्याच्या सीमेवरच्या काही घरांत कन्नड बोलतात, तांड्यांवर गोरमाटी. धाराशिव जिल्ह्यातल्या अशा मुलांसाठी मराठी पुस्तक हीच दुसरी भाषा असते. इंग्रजी त्यानंतरची.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. स्कॅन केलं की कवितेचा ऑडिओ, धड्याचा व्हिडिओ. पुढे राज्याच्या पुस्तकांवरही कोड आले, २०१७ मध्ये केंद्राचा 'दीक्षा' मंच सुरू झाला आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कल्पना चांगलीच होती. माझी तक्रार आहे ती कोड उघडल्यावर पुष्कळदा समोर येणाऱ्या एका प्रकाराबद्दल.

या व्हिडिओत इंग्रजी धड्याचं सार मराठीत सांगतात. रंगीत चित्रं, मागे संगीत. मुलाला गोष्ट कळते, तो हसतो, आपणही खूश होतो. पण इंग्रजीचं एक वाक्यही त्यानं वाचलेलं नसतं. समजलं ते सांगणाऱ्याचं. पान तसंच राहिलं.

दुसरा प्रकार साधा दिसतो. आवाज सावकाश वाचतो, वाचली जाणारी ओळ उजळते. मुलगा विहिरीजवळ बसला, असं वाक्य आहे. 'वेल' म्हणजे 'चांगलं' एवढंच ठाऊक असलेला वाचक इथे अडतो. तेवढ्यात विहिरीचं चित्र येतं आणि जातं. अडथळा दूर झाला, पण वाक्य त्याचं त्यालाच पुरं करावं लागतं.

ब्रिज कोठारी यांनी 'चित्रहार'मधल्या हिंदी गाण्यांखाली हिंदीतच शब्द दाखवले, तेही याच विचारानं. जे कानावर पडतं तेच डोळ्यांसमोर असलं, की नकळत वाचन होतं. तिथे दुसऱ्या भाषेतला अनुवाद दिला असता तर डोळ्यांनी सोपी वाट धरली असती.

म्हणून शाळेचा व्हिडिओ असो की आपण बघतो ते 'दहा मिनिटांत कादंबरी', कसोटी एकच: फोन बाजूला ठेवल्यावर तेच पान आधीपेक्षा जास्त वाचता येतं का? नसेल, तर नुकसान लगेच दिसत नाही. ते दिसतं कॉलेजात, जेव्हा पुस्तक समोर असतं आणि सार सांगणारं कुणी नसतं.