पश्चात्ताप नेमका कुणी करायचा?

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही सुशिक्षितांनी चहा घेतला. गोपाळराव जोशींनी नावे जाहीर केली, ग्रामण्य माजले आणि 1892 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनीदेखील प्रायश्चित्त घेतले. तेथून जवळच गंज पेठेत जोतीरावांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. चहाला प्रायश्चित्त, पाणी नाकारण्याला नाही. पापाची ही कल्पना केवळ स्पर्शाची होती.

ख्रिस्ती प्रचारकांनी या प्रायश्चित्ताला नाकारून पश्चात्ताप हा शब्द पुढे केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे, दृष्टी बदलणे असा आहे. मराठीत मात्र मागाहून होणारा ताप, जळणे, तेवढेच उरले. सगळेच पापी, ब्राह्मणही पापी, हे ऐकणाऱ्या महार-मांगांना त्यात केवढा दिलासा वाटला असेल! जन्माने नीच ठरवलेल्याला ही बरोबरी लहान नव्हती, हे आपल्या टीकाकारांनी विसरू नये.

परंतु पापाची बरोबरी झाली म्हणून गुन्ह्याची बरोबरी होत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली संजीवनाची लाट आली. मुली रडत रडत, मोठ्याने आपली पापे कबूल करू लागल्या. यांतल्या कितीतरी मुलींना पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे 1900 मध्ये गुजरातेतून उचलून आणले होते. कुणी तयार नसताना. त्या कार्याला उणेपणा आणण्याचा इथे हेतू नाही. पण उपासमार आणि वैधव्य भोगलेल्या पोरींनी कोणत्या पापाबद्दल रडायचे होते? ज्यांनी त्यांना टाकले ते आपापल्या वाड्यांत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील आपल्या लेखात (तो 1989 मध्ये समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आला) हाच मुद्दा काढला. तुझे पतन तुझ्या पापामुळे झाले, असे त्या माणसाला सांगितले जाते. सभोवतालच्या समाजव्यवस्थेमुळे झाले, असे नाही. मग तो त्या व्यवस्थेवर हल्ला कशाला करील? तो गुडघे टेकतो. पूर्वजन्मीच्या कर्माच्या जागी आदामाचे पाप आले, बोट मात्र पुन्हा त्याच्याच छातीवर राहिले.

हे ख्रिस्ताच्या शिकवणुकीत नव्हतेच, असे मला शुभवर्तमान वाचताना दिसते. लूकमधल्या जक्कय जकातदाराच्या कथेत पश्चात्ताप हा शब्दही नाही. तो उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. इथे लुबाडणारा बोलतो, लुबाडलेला नाही. आणि तो अश्रूंनी नव्हे, हिशेबाने बोलतो. महारवाड्यातल्या प्रवचनासाठी कोणती कथा निवडली, यावरून प्रचारक कुणाच्या बाजूला उभा आहे ते ओळखता येते. ही कथा पाटलाच्या ओट्यावर सांगून पाहिली असती तर त्याला तेथे दुसऱ्यांदा कुणी बोलावले नसते.