'रिपब्लिक'मधील अनुकरण : वक्ता आणि श्रोता

प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यातून कवींना हद्दपार केले, हे विधान साहित्यशास्त्राच्या अध्यापनात इतके रुळले आहे की मूळ ग्रंथाकडे परत जाण्याची निकड सहसा कोणाला भासत नाही. दहाव्या खंडातील पलंगाचे उदाहरण द्यावयाचे, कलाकृती सत्यापासून तिसऱ्या पायरीवर आहे एवढे नोंदवावयाचे आणि अॅरिस्टॉटलकडे वळावयाचे, असा हा क्रम आहे. या घाईत 'मिमेसिस' ही संज्ञा 'रिपब्लिक'मध्ये निदान दोन अर्थांनी आली आहे, ही गोष्ट नजरेआड होते. मराठीत दोहोंसाठी 'अनुकरण' हा एकच प्रतिशब्द योजल्यामुळे हा भेद पुसलाच जातो. शिवाय या शब्दाला शंकुकाच्या अनुकृतिवादाचे आणि 'अभिनवभारती'त आलेल्या त्याच्या खंडनाचे संदर्भ आधीच चिकटलेले असतात.

तिसऱ्या खंडातील प्रश्न मुख्यतः बोलणाऱ्याच्या आवाजाचा आहे. कवी स्वतः सांगतो की पात्र होऊन बोलतो, या निकषावर सॉक्रेटिस निवेदनाचे तीन प्रकार करतो : शुद्ध कथन, अनुकरण आणि महाकाव्यातील मिश्ररूप. 'इलियड'च्या आरंभीचा क्रायसिसचा प्रसंग तो पात्रमुखीची भाषणे गाळून सरळ गद्यात सांगून दाखवितो. जेरार जेनेत याने १९७२ मध्ये आपली निवेदनमीमांसा मांडताना याच विवेचनाचा आधार घेतला होता. सॉक्रेटिसला येथे चिंता आहे ती भावी रक्षकाची. भित्र्या, विलाप करणाऱ्या, मद्यधुंद व्यक्तींचे अनुकरण बालपणापासून करीत राहिल्यास ते सवयीने अंगी मुरते. म्हणूनच सज्जनाचे अनुकरण या खंडात निषिद्ध नाही.

दहाव्या खंडात आरोपाची दिशा बदलते. आत्म्याचे भाग वेगळे करून पाहिल्यानंतर अनुकरणात्मक काव्य का नाकारावे हे अधिक स्पष्ट झाले आहे, असे सॉक्रेटिस आरंभीच सांगतो; हा निर्देश चौथ्या खंडातील विवेचनाकडे आहे. आता चिंता श्रोत्याची आहे. पलंगाच्या उदाहरणापेक्षाही गंभीर असा आरोप पुढे येतो : उत्तम माणसेही नायकाच्या शोकात रंगून जातात आणि परक्या दुःखात सैल सोडलेला संयम स्वतःच्या दुःखाच्या वेळी हाती राहत नाही. तेव्हा दोन खंडांतील तफावतीला केवळ विसंगती म्हणून भागत नाही. मधल्या खंडांतील मनोविचारामुळे काव्याचा धोका वक्त्यापासून श्रोत्यापर्यंत विस्तारला आहे.

तिसऱ्या खंडाचा निकष खुद्द या ग्रंथाला लावला तर काय दिसते? आदल्या दिवशी पायरियसला गेल्याची हकिगत सॉक्रेटिस सांगतो आहे. पण थ्रॅसिमॅकसचा संताप आणि त्याची मग्रुरी त्याच्याच शब्दांत येते. अर्थात हे मिश्र निवेदन झाले. मोठ्याने वाचण्याची रीत असलेल्या काळात न्याय हे बलवंताचेच हित होय, हे मत वाचकाला स्वमुखाने उच्चारावे लागत असणार. सॉक्रेटिस रक्षकांना जे करू देत नाही, ते प्लेटो वाचकाकडून करवून घेतो. मात्र काव्याचे खरे स्वरूप जाणण्याचा उतारा ज्यांच्यापाशी नाही त्यांचीच बुद्धी ते बिघडविते, असेही दहाव्या खंडात म्हटले आहे. हा उतारा वाचकाला देणे हेच 'रिपब्लिक'चे एक कार्य आहे, असे मला वाटते.

यावरून प्लेटोला दोषमुक्त करावयाचे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खंडांत होमरच्या ओळींना लागलेली कात्री खरी आहे आणि ती औपरोधिक म्हणून झटकता येणार नाही. परंतु काव्याच्या कैवाऱ्यांनी गद्यातून का होईना, त्याची बाजू मांडावी, ते आनंददायी तसेच हितकर असल्याचे दाखवावे, हे आवाहनही त्याच ग्रंथात आहे. साहित्य म्हणजे शेवटी कल्पनाच, त्याने कोणाचे काय बिघडते, असा बचाव आपण सेन्सॉरशिपविरुद्ध अनेकदा करतो. त्याने या आवाहनाला उत्तर मिळत नाही. त्या बचावात काव्याचे सामर्थ्यच नाकारले जाते. प्लेटोने मात्र ते पुरते ओळखले होते.